अबकारी, कारागृह आणि रुग्णालय : नांदेड-लातूर भागातील व्यसनविषयक शासनव्यवहाराचा विचार

व्यसनाधीन मनुष्य शासनासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्यावर होणारा खर्च कोणत्या खात्यातून होतो, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या अभ्यासात सहसा विचारला जात नाही. नशाबंदीच्या इतिहासाची मांडणी बहुधा कायद्यांच्या संहितेवरून व नेत्यांच्या भाषणांवरून केली जाते. तुरुंगवास द्यावा की उपचार द्यावा, हा त्यामुळे तत्त्वाचा वाद ठरतो, आणि उभय पक्षांची नैतिक भूमिका तपासण्यात अभ्यासकाचे श्रम खर्ची पडतात. वस्तुतः कायदा फार तर पर्याय नमूद करतो. तो पर्याय अस्तित्वात येतो तो अंदाजपत्रकाने. पोलीस ठाणे, न्यायालय व कारागृह ही प्रत्येक जिल्ह्यात आधीपासून उभी असतात. उपचाराची खाट मात्र कोणीतरी मुद्दाम मंजूर करावी लागते. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. येथील समाज अल्पावधीत तीन भिन्न शासनपद्धतींखाली वावरला, आणि प्रत्येक पद्धतीत व्यसनी मनुष्याचे स्थान निराळे होते.

प्रथम प्रदेशाची घडण ध्यानात घेतली पाहिजे. आजचा लातूर जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. परंतु त्यातील अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेच्या त्या वर्षी नांदेड जिल्ह्यातून देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडले आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडले वगळण्यात येऊन ती आंध्र प्रदेशाकडे गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडल इकडे आले. भाषावार रचनेच्या दृष्टीने हा व्यवहार स्वाभाविक होता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्याचा परिणाम असा झाला की, एकाच अबकारी व्यवस्थेखाली पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली, एकमेकांच्या बाजारांना जाणारी व एकमेकांशी सोयरीक असणारी गावे दोन अगदी विरुद्ध कायद्यांच्या अमलाखाली आली.

निजामी राजवटीत दारू, ताडी व शिंदी यांवरील कर हा राज्याच्या उत्पन्नाच्या सर्वांत मोठ्या बाबींपैकी एक होता. फसली १३१६, म्हणजे इसवी सनाच्या १९०६-०७ च्या सुमारास झालेल्या हैदराबाद आबकारी कायद्याने या व्यवहाराला आधुनिक रूप दिले; परंतु त्याचा गाभा जुनाच राहिला. ठरावीक भागातील विक्रीचा हक्क लिलावाने, त्या भागाच्या भाषेत हर्रासाने, गुत्तेदारास द्यावयाचा व ठरलेली रक्कम सरकारजमा करून घ्यावयाची, अशी ही पद्धत होती. शिंदीच्या व ताडाच्या झाडांवर स्वतंत्र कर असे. शब्दांचा इतिहास येथे कागदपत्रांइतकाच बोलका आहे. ‘गुत्ता’ या तेलुगू-कन्नड वळणाच्या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता अथवा ठेका असा आहे. परंतु मराठीत, आणि मराठवाड्यात विशेषेकरून, दारू पिण्याच्या जागेलाच गुत्ता म्हणतात. महसुलाच्या कराराचे नाव पिण्याच्या जागेला चिकटले, यावरून शासन व मद्य यांचे नाते सामान्य माणसाने कसे ओळखले होते हे दिसून येते.

या व्यवस्थेत गुन्हेगार कोण होता? पिणारा नव्हे. पिणारा हा गुत्तेदाराचा गिऱ्हाईक व पर्यायाने खजिन्याचा आधार होता. गुन्हेगार होता तो मक्त्याबाहेर मद्य तयार करणारा. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गोंड, कोलाम व आंध या समाजांत मोहाच्या फुलांची दारू घरोघरी गाळली जात असे. देवकार्य, लग्न व मर्तिक या प्रसंगी तिचे विहित स्थान होते. ही घरची भट्टी अबकारी कायद्याने चोरी ठरली. मद्यपानाची हानी हा या शिक्षेचा आधार नव्हता. सरकारचा हक्क बुडतो, हा होता. नंतरच्या काळात शासनाची भाषा पूर्णतः पालटली, तरी कारवाई कोणत्या वस्तीत करावयाची याची सवय फारशी पालटली नाही. त्या सवयीचे मूळ येथे आहे.

खजिना आणि शिंदी यांचा हा संबंध सर्वांत स्पष्टपणे ओळखला तो हैदराबाद मुक्तिसंग्रामाने. १९४७ च्या ऑगस्टमध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी जो लढा आरंभिला, त्यात जंगल सत्याग्रह, साराबंदी व करोडगिरीच्या नाक्यांवरील हल्ले यांच्या जोडीने शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम होता. उमरखेडसारख्या सरहद्दीवरील शिबिरांतून येणारे तरुण रात्रीतून झाडे पाडीत. या कार्यक्रमात गांधीप्रणीत मद्यनिषेधाची प्रेरणा होती यात शंका नाही. तथापि त्याचा तात्कालिक हेतू निजामाच्या तिजोरीची एक शीर तोडणे हा होता. आंदोलकांच्या मनात या दोन हेतूंत विरोध नव्हता. मद्यातून मिळणारा पैसा हा परकीय व जुलमी राज्याचा पैसा आहे, आपले राज्य आले की तो नकोसा होईल, अशी श्रद्धा त्यामागे होती. झाडे तोडणारे तुरुंगात गेले. त्या झाडांची नीरा आंबवून पिणाऱ्या शेतमजुराच्या व्यसनाचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न त्या धामधुमीत कोणी विचारला नाही, आणि तो तेव्हा विचारला जावा अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल.

अपेक्षा करावयाची ती नंतरच्या काळाकडून. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्य भारतात आले, परंतु अबकारीचे उत्पन्न नव्या राज्यालाही हवे होते, आणि संपूर्ण दारूबंदी तेथे झाली नाही. त्याच वेळी शेजारच्या मुंबई राज्याने निराळा मार्ग धरला होता. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम हा संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदातील आदर्शाशी सुसंगत असा, देशातील सर्वांत तपशीलवार मद्यनिषेध कायदा होता. त्याच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे बलसारा खटल्यात आला व १९५१ मध्ये मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांविषयीचे काही भाग वगळता न्यायालयाने तो मान्य केला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला, आणि १९५९ च्या विस्तार व सुधारणा अधिनियमाने हा कायदा मराठवाड्यालाही लागू झाला. योगायोग असा की, १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने अफूसेवन बंद करण्यासाठी घातलेली दहा वर्षांची मुदतही १९५९ च्या मार्चअखेर संपत होती. म्हणजे नांदेड व लातूरच्या व्यसनी माणसासाठी त्या एका वर्षात कायद्याचे जग उलटेपालटे झाले. कालपर्यंत तो राजस्वाचा आधार होता. आज तो अपराधी ठरला.

या कायद्यातील वैद्यकाचे स्थान पाहण्यासारखे आहे. परवान्यावाचून मद्य पिणे हाच अपराध असून पहिल्या अपराधालाही सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद होती. प्रकृतीच्या कारणासाठी मद्य आवश्यक असल्यास परवाना मिळू शकत असे, व त्यासाठी वैद्यकीय मंडळे नेमण्याची तरतूदही कायद्यात होती. म्हणजे वैद्याला या व्यवस्थेत प्रवेश मिळाला तो व्यसन सोडविण्यासाठी नव्हे, तर कोणाला पिऊ द्यावे हे ठरविण्यासाठी. प्रकृतीचे प्रमाणपत्र मिळविणे शहरातील सुशिक्षित व सधन गृहस्थाला जितके सुकर होते, तितके ते भोकर किंवा औसा येथील हमालाला नव्हते. त्याच एका प्यायलेल्या अवस्थेसाठी एकाच्या खिशात परवाना व दुसऱ्याच्या हातात बेडी, असा भेद कायद्याच्या उदात्त हेतूला बाधक ठरला. नशाबंदीच्या समर्थकांनी या भेदाकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असेच म्हणणे प्राप्त आहे.

उपचाराची सोय मात्र जवळपास कोठेच नव्हती. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे होती. ती सर्व ब्रिटिश अमलातील प्रदेशांत स्थापन झाली होती, आणि मराठवाड्याच्या वाट्याला निजामी वारशातून तशी एकही संस्था आली नाही. लातूरहून येरवडा तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. दारू अकस्मात तुटल्यावर झटके व भ्रम होणाऱ्या रोग्याला तेथवर नेणे घरच्यांना परवडणारे नव्हते. अशा रोग्याची पहिली रात्र बहुधा पोलीस कोठडीत जाई. कारावास निवडला गेला असे या काळाविषयी म्हणण्यापेक्षा, दुसरे काही उभारलेच गेले नव्हते असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

सरहद्दीचा भाग येथे पुन्हा महत्त्वाचा ठरतो. देगलूर, बिलोली व धर्माबाद यांच्या पलीकडे, पूर्वी याच जिल्ह्यात असलेल्या मंडलांत, शिंदी व ताडी कायदेशीर राहिली. अलीकडे ती निषिद्ध झाली. नदीनाले व पायवाटा यांना हा फरक ठाऊक नव्हता. ‘हातभट्टी’ हा शब्द महाराष्ट्राच्या व्यवहारात रुळला तो याच काळात. नशाबंदीच्या अंमलबजावणीची तपासणी करण्यासाठी केंद्राने न्या. टेकचंद यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाचा अहवाल १९६४ मध्ये आला, आणि अवैध गाळपाचा प्रश्न त्यात ठळकपणे पुढे आला. महाराष्ट्राने मात्र साठीच्या दशकातच परवान्यांच्या अटी सैल करण्यास प्रारंभ केला होता. १९७३ च्या देशी मद्य नियमांनी परवानाधारक देशी दारूची दुकाने उघडली आणि अबकारीचे उत्पन्न पुन्हा खजिन्यात येऊ लागले. कायद्याच्या नावातील ‘दारूबंदी’ तशीच राहिली. विनापरवाना पिण्याचा अपराधही संहितेत राहिला. निजामी काळातील गुत्तेदार व मुंबई राज्यातील तुरुंग असे दोन्ही वारसे एकत्र नांदू लागले. १९८१ मध्ये हातभट्टीवाले व औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार यांना खटल्यावाचून स्थानबद्ध करण्याचा अधिनियम झाला, आणि या दुसऱ्या वारशाला आणखी एक हत्यार मिळाले. तांड्यांवर, पारधी वस्त्यांवर व शहरांच्या कडेच्या झोपड्यांवर धाडी पडत राहिल्या. १९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाल्यानंतरही या वस्त्यांकडे पाहण्याची पोलिसी दृष्टी टिकून राहिली, त्याची कारणे शोधताना मद्यविषयक कायद्यांचा हा भाग वगळून चालणार नाही.

उपचाराला कायद्यात पहिले निश्चित स्थान मिळाले ते १९८५ च्या अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने. हा कायदा कठोर शिक्षांबद्दलच अधिक प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमाने न्यायालयाला असा अधिकार दिला की, सेवनाच्या किंवा अल्प परिमाणाच्या अपराधात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने, शिक्षा भोगावयास न पाठविता, उपचारासाठी बंधपत्रावर सोडावे. त्याने एका वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल न्यायालयापुढे ठेवावा. तो समाधानकारक असल्यास समज देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर त्याला मुक्त करता येते. पुढे घातलेल्या ६४-अ या कलमाने स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास खटल्यापासूनच संरक्षण दिले. कागदावर ही तरतूद उदार आहे. मात्र दोन्ही कलमांत एक अट आहे, आणि साऱ्या विषयाची किल्ली त्या अटीत आहे : उपचाराची संस्था शासनाने चालविलेली अथवा मान्यता दिलेली असावी. अशा संस्था उभारण्याचा अधिकार एकाहत्तराव्या कलमाने शासनाला दिला. परंतु तो केवळ अधिकार आहे, शासनाला योग्य वाटतील तितकी केंद्रे त्याने स्थापावी, असा. न्यायालयाने आरोपीला शिक्षा द्यावी हे कायद्याने बंधनकारक केले, आणि त्याच आरोपीला जेथे पाठवावयाचे ते रुग्णालय मात्र ऐच्छिक ठेवले.

पैशाची तरतूद झाली नाही असे नव्हे. १९८७-८८ पासून केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने शासकीय रुग्णालयांतील व्यसनमुक्ती विभागांना साहाय्य देण्यास प्रारंभ केला, आणि त्याच सुमारास कल्याण मंत्रालयाने स्वयंसेवी संस्थांच्या केंद्रांसाठी अनुदानाची योजना काढली. महाराष्ट्रात या काळाचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्याच्या मुक्तांगणचे होय. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचट यांनी केलेल्या लेखनानंतर, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या देणगीचा आधार मिळून, डॉ. सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले. त्याच्या यशाची चर्चा करताना कार्यकर्त्यांच्या निष्ठेचा गौरव होतो, व तो उचितच आहे. परंतु त्या प्रारंभाला शासकीय रुग्णालयाची जागा व तेथील मानसोपचारतज्ज्ञ हाताशी होते, ही गोष्ट प्रस्तुत चर्चेत दुर्लक्षिता येत नाही. देणगीदार, लेखक, तज्ज्ञ व सरकारी इमारत ही चारही ज्या शहरात एकत्र येऊ शकतात, तेथे अनुदानाची योजना फळते. अनुदान मंजूर खर्चाच्या सर्वसाधारणपणे नव्वद टक्के. उरलेला भाग व अनुदान हाती पडेपर्यंतचा सारा खर्च संस्थेने सोसावयाचा. नांदेड व लातूर येथे अशी संस्था उभी करणे म्हणजे आधी पैसा उभा करणे होते. मागास भागाला साहाय्य देण्याची ही रीत त्या भागाच्या मागासलेपणावरच अडखळते.

याच्या तुलनेत परदेशांतील दोन प्रयोगांचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. अमेरिकेच्या केंद्रशासनाने १९३५ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे कैदी व स्वेच्छेने आलेले रोगी यांच्यासाठी एकच संस्था स्वतःच्या खर्चाने चालू केली. तिचे स्वरूप निम्मे तुरुंगाचे राहिले, व तेथून परतलेल्यांपैकी पुष्कळ पुन्हा व्यसनाकडे वळले. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरते अमली द्रव्य बाळगणे हा फौजदारी अपराध ठेवला नाही. परंतु त्याबरोबर उपचारकेंद्रांचे सार्वजनिक जाळेही वाढविले. दुसऱ्या प्रयोगाची चर्चा करणारे बहुधा त्याच्या पूर्वार्धावर बोलतात.

उत्तरार्ध वगळला तर काय घडते, हे पाहण्यास युरोपात जाण्याची गरज नाही. नांदेडच्या सरहद्दीला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात, तसेच महबूबनगर जिल्ह्यात, २०१५ च्या सप्टेंबरात तेलंगण शासनाने भेसळीच्या ताडीविरुद्ध एकाएकी कडक कारवाई केली. त्या ताडीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी गुंगीची द्रव्ये मिसळली जात. कारवाईचा हेतू निर्विवाद चांगला होता. पण पुरवठा तुटताच झटके, भ्रम व बेभान वर्तन यांनी ग्रासलेली शेकडो माणसे सरकारी रुग्णालयांत लोटली, काही दगावली. आपण ताडी पितो एवढेच ज्यांना ठाऊक होते, ती माणसे झोपेच्या औषधांची व्यसनी झाली होती. एका पोलिसी निर्णयाचा खर्च आरोग्य खात्याला काही दिवसांत उचलावा लागला, आणि त्याची तजवीज आधी झालेली नव्हती.

कारावासाच्या बाजूने सांगितले जाणारे मुद्दे क्षुल्लक नाहीत. शिक्षेच्या धाकाने नवशिका मनुष्य मागे फिरतो, असे म्हटले जाते. दारुड्या नवऱ्याच्या मारहाणीने गांजलेल्या स्त्रियांना पोलीस हाच एक आधार वाटतो. गावातील दुकान बंद करण्यासाठी मतदान घेण्याची जी तरतूद महाराष्ट्रात आहे, व जिला लोक ‘आडवी बाटली’ म्हणतात, तिच्यामागे याच स्त्रियांचे बळ आहे. शिवाय उपचारानंतर पुन्हा व्यसन जडण्याचे प्रमाण मोठे असते, हेही खरे. तथापि मारहाण हा स्वतंत्र अपराध आहे व त्याची शिक्षा व्हावयासच हवी. प्रश्न आहे तो केवळ सेवनासाठी दिल्या जाणाऱ्या तुरुंगवासाचा. तुरुंगातून सुटलेल्यांत पुन्हा व्यसन जडण्याचे प्रमाण किती, याचा हिशेब मात्र उपचारकेंद्रांकडून जितक्या आग्रहाने मागितला जातो तितक्या आग्रहाने कारागृहांकडून मागितला जात नाही.

अलीकडच्या काळात कायद्याची भाषा आणखी पुढे गेली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मद्य व अमली द्रव्ये यांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला, आणि शासनाने चालविलेल्या अथवा शासकीय पैशावर चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळण्याचा प्रत्येकाचा हक्क मान्य केला. १९८५ मध्ये जे ऐच्छिक होते ते येथे हक्काच्या रूपात आले. नांदेड येथे १९८८ पासून व लातूर येथे २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. म्हणजे साठीच्या दशकातील पोकळी आज तशी राहिलेली नाही. परंतु केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाला होता. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा : २०२२-२३ या वर्षी महाराष्ट्राला उत्पादन शुल्कातून २१ हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न झाले. वस्तू व सेवा कर आल्यानंतर राज्यांच्या हाती स्वतःचे असे जे थोडे कर राहिले त्यांत हा एक प्रमुख असल्याने, त्याचे महत्त्व निजामी काळापेक्षा फारसे निराळे नाही.

हा पैसा गोळा करणारे खाते एक, धाड घालणारे व कोठडीत ठेवणारे दुसरे, रोग्याला तपासणारे तिसरे, आणि व्यसनमुक्ती केंद्राला अनुदान देणारे चौथे, अशी आजची विभागणी आहे. उत्पादन शुल्काच्या अधिकाऱ्याचे मूल्यमापन उद्दिष्टाच्या वसुलीवरून होते, पोलिसाचे नोंदलेल्या गुन्ह्यांवरून. बरे झालेल्या माणसांवरून ज्याचे मूल्यमापन व्हावे असा अधिकारी या साखळीत सापडत नाही. कारागृहाचा खर्च प्रतिवर्षी आपोआप मंजूर होतो. अनुदानाचा प्रस्ताव मात्र प्रतिवर्षी नव्याने जातो.

किनवट किंवा उदगीर येथील न्यायालयात एकोणचाळिसाव्या कलमाचा वापर करावयाचा झाल्यास काय लागते, याची कल्पना करता येते. आरोपीची संमती हवी, मान्यताप्राप्त संस्था हवी, आणि एका वर्षाच्या आत अहवाल हवा. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. या भागातील शेतमजुरांची पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात ती उन्हाळ्यातच परततात. उचल घेतलेल्या तोडकऱ्याला फडावरून तपासणीसाठी परत येता येत नाही. आला तर मुकादमाच्या वहीत खाडा लागतो. अहवालाची मुदत ठरविताना वर्ष बारा महिन्यांचे धरलेले असते, आणि या माणसाला त्यातले सहाच महिने रुग्णालयाची वाट मोकळी असते.